वादळानं खांब पाडलेत, लाईट आठवडाभर येणार नाही – पाणी, औषध, दूध कसं सांभाळायचं?

जांबोटीची सून

नमस्कार मंडळी. आमचं गाव बेळगाव जिल्ह्यात, जांबोटीच्या पुढं, रानाला लागून. परवा संध्याकाळचा वळीव सगळा वाऱ्याचाच निघाला. पाऊस जेमतेम, पण रस्त्याकडेचे अकेशिया आणि नीलगिरी तारांवर आडवे झालेत. गावाकडं येणाऱ्या लाईनीचे खांब ओळीनं मोडलेत आणि वेशीजवळचा टीसी (ट्रान्सफॉर्मर) खांबासकट खाली आलाय. लाइनमन दादा चिखलातून चालत येऊन बघून गेले. आठवडा तरी धरून चाला, म्हणाले.

घरात सासरे आहेत, शुगरचे, दिवसातून दोनदा इन्सुलिन. दोन म्हशी, त्यातली एक नुकतीच व्यालेली. पाणी बोअरचं, दारात विहीर नाही. टाकीतलं पाणी संपत आलंय आणि इन्व्हर्टर पहिल्याच रात्री बसला. कंदील, चिमणी, चूल यांची सवय आहे, त्याची काळजी नाही. पाणी, इन्सुलिन आणि दूध या तीन गोष्टींचं कुणी नीट सांगितलं तर बरं होईल. रेंज टेकावर चढल्यावरच मिळते, त्यामुळं उत्तराला उशीर झाला तर राग मानू नका.

येळ्ळूरची आरोग्यसेविका

ताई, आधी सासऱ्यांचं बघूया. जी कुपी किंवा पेन वापरात आहे, ती बहुतेक प्रकारांत २५ ते ३० अंशांच्या आत साधारण ४ आठवडे चांगली राहते. नेमकी मुदत खोक्यातल्या कागदावर छापलेली असते, ती एकदा वाचून घ्या. अडचण न उघडलेल्या कुप्यांची आहे, त्यांना २ ते ८ अंश लागतात. तुमचा फ्रीज बंद पडून दोन दिवस झाले, आत आता गारवा उरलेला नाही, उलट हवा कोंडलेली असेल. कुप्या बाहेर काढा.

मातीची दोन मडकी घ्या, एक मोठं, एक त्यात बसेल असं लहान. मधल्या जागेत वाळू भरून ती पाण्यानं भिजवा. लहान मडक्यात घट्ट झाकणाचा कोरडा डबा, डब्यात कुप्या, वर ओलं फडकं. सावलीत, पण वारा लागेल अशा जागी ठेवा, चुलीपासून लांब. वाळू सकाळ-संध्याकाळ ओली करायची. वळवानंतर हवा दमट असली की गारवा कमी मिळतो, तरी बाहेरच्यापेक्षा काही अंश नक्की उतरतात. मात्र मडक्यातली कुपी फ्रीजमधली धरू नका. फ्रीज बंद पडल्याची तारीख खोक्यावर लिहा आणि मुदत त्या दिवसापासून मोजा.

कुणी बर्फ आणून दिला तर कुपी बर्फाला टेकवून ठेवायची नाही. एकदा गोठलेलं इन्सुलिन परत पातळ झालं तरी कामाचं राहत नाही. पाण्यासारखं असणारं इन्सुलिन गढूळ दिसलं, किंवा दुधाळ असणाऱ्यात हलवूनही गुठळ्या राहिल्या, तर ते टोचू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: या धावपळीत म्हाताऱ्या माणसाचं जेवण पुढं-मागं होतं आणि इंजेक्शन मात्र ठरल्या वेळी दिलं जातं. मग शुगर एकदम उतरते. जेवण समोर आल्यावरच इंजेक्शन, आणि गूळ-साखर उशाशी. रात्री अंधारात घाम फुटला, हात थरथरले, बोलणं बरळल्यासारखं वाटलं तर मशीन शोधत बसू नका, आधी साखरेचं पाणी द्या. गिळता येत नसेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना.

बैलूरचा शेतकरी

वहिनी, मी बैलूरचा. आमची बी लाईट गेल्याय. शेताच्या कुंपणाला गव्यांसाठी झटका मशीन हाय, त्याची १२ व्होल्टची बॅटरी आणि सोलर पॅनेल दिवसा मोकळंच असतंय. गाडीत लावायचा चार्जर त्या बॅटरीला जोडून गल्लीचे सगळे फोन चार्ज करूलोय. लाल-काळं बघून जोडायचं आणि मधी फ्यूज घालायचा. संध्याकाळी बॅटरी परत मशीनला लावायची, न्हाईतर गवे ऊस ठेवणार न्हाईत. तुमच्याकडं कुणाचं मशीन असंल तर बघा.

उचगावची काकी

दुधाचं मी सांगते. म्हशीचं दूध धार काढल्याबरोबर तापवायचं, गार झालं की चार-पाच तासांनी परत. हे एक दिवस निभावतं. दोन्ही म्हशींचं दूध घरात साठायला लागलं की खवा करायला बसा. पाच लिटर म्हशीच्या दुधाचा किलोभर खवा पडतो. जाड बुडाची कढई, मंद जाळ, आणि हात थांबवायचा नाही. नुसता खवा या दिवसांत दोन दिवसांपलीकडं ठेवू नये. साखर घालून चांगला परतून कुंदा केला तर जास्त टिकतो आणि गावात खपतोही. उरलेल्याचं दही लावा, ताक करा, लोणी काढून लगेच कढवा. तूप तर महिनोन् महिने राहतं.

फ्रीजमधलं शिजवलेलं अन्न मात्र गुरांनासुद्धा घालू नका. खड्ड्यात पुरा.

टिळकवाडीकर

शहरात आमच्याकडं काल रात्री आली लाईट. ज्यांची नुकतीच गेलीय त्यांच्यासाठी लिहितो: खालचा फ्रीज न उघडता ४ तास धरतो, गच्च भरलेला फ्रीजर न उघडता ४८ तास, अर्धा भरलेला २४ तास. म्हणजे दार उघडून ‘अजून गार आहे का’ बघणं हेच नुकसान.

माझा दुसरा प्रश्न आहे. छतावर सोलर पॅनेल बसवलेत, ऊन लख्ख होतं, तरी लाईट गेल्यावर घरात एक दिवा लागला नाही. बसवणारा म्हणतो असंच असतं. खरं आहे का?

हलगा बायपास

जांबोटीच्या ताई, पाण्यासाठी एवढं डोकं लावायला नको. लग्नसराई आहे, मंडपवाल्याकडं जनरेटर मिळतो. दोन्ही टोकांना प्लग असलेली वायर करा, एक टोक जनरेटरला, दुसरं घरातल्या १५ अँपियरच्या सॉकेटात. बोअर, फ्रीज, दिवे, सगळं एकदम चालू. मेन स्विच तेवढा आठवणीनं पाडायचा.

निवृत्त लाइनमन

हलग्याचे दादा, हा सल्ला कृपा करून कुणाला देऊ नका. मी नोकरीची सगळी वर्षं खांबावर काढली, म्हणून सविस्तर लिहितो. सगळ्यांनी वाचावं.

टीसीचं काम आपल्याला एकाच बाजूनं दिसतं: वरून ११ हजार व्होल्ट येतात, खाली घराला २३० मिळतात. पण तो उलट्या दिशेनंही तेवढंच काम करतो. तुमच्या जनरेटरचे २३० व्होल्ट मेनमधून बाहेर पडून टीसीच्या खालच्या बाजूला पोचले, की वरच्या तारेवर ११ हजार उभे राहतात. लहान जनरेटर एवढा भार ओढणार नाही, लगेच बंद पडेल, असं लोक म्हणतात. गावाची सगळी घरं जोडलेली असतील तर कदाचित पडेलही. पण वादळानंतर तारा जागोजागी तुटलेल्या असतात. तुटलेल्या तुकड्यावर भारच नसतो. जनरेटर आरामात चालत राहतो आणि तो तुकडा जिवंत असतो. नेमका त्याच तुकड्यावर काम करायला माणूस चढलेला असतो.

‘मेन स्विच आठवणीनं पाडायचा’ म्हणालात. दोन रात्री झोप नाही, अंधार आहे, पोरगं रडतंय, आणि जनरेटर लावणारा कधी तुम्ही, कधी धाकटा भाऊ, कधी शेजारी. एवढ्या सगळ्यांच्या आठवणीवर दुसऱ्याचा जीव टांगता ठेवता येत नाही. शिवाय त्या वायरीचं एक टोक सॉकेटातून निसटलं की प्लगच्या उघड्या पिनांत २३० व्होल्ट असतात. घरातलंच कुणी त्यावर हात ठेवायचं.

आम्ही एलसी घेतो, म्हणजे सबस्टेशनमधून लाईन बंद केल्याची खात्री. जीओएस, म्हणजे तिन्ही तारा एकदम तोडणारा खांबावरचा स्विच, उघडतो. एवढं झाल्यावरही डिस्चार्ज रॉड तारांवर टाकून त्या जमिनीला जोडल्याशिवाय हात लावायचा नाही, असा नियम आहे. हा नियम याच उलट येणाऱ्या करंटसाठी आहे. पण पावसात, रात्री, सगळं गाव खाली उभं राहून ‘झालं का, झालं का’ विचारत असताना एखाद्या नव्या पोराकडून रॉड टाकायचा राहू शकतो. त्या वेळी तुमचं घर त्याला मारणारं नसावं, एवढंच माझं मागणं आहे.

टिळकवाडीकर, तुमच्या सोलरचं कारण हेच. लाईनीला जोडलेला सोलर इन्व्हर्टर लाईनीत करंट दिसला नाही की स्वतःहून बंद होतो, म्हणजे तुमच्या छतावरून तारेत वीज जात नाही. लाईट गेल्यावरही घर चालवायचं असेल तर बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर लागतो, जो घराला लाईनीपासून तोडून मग वीज देतो.

हलगा बायपास

काका, पटलं. मग त्यांनी बोअर चालवायचा कसा ते सांगा. पाणी तर पाहिजेच.

निवृत्त लाइनमन

जनरेटर आणायचाच, फक्त घराच्या वायरिंगला शिवायचा नाही. बोअरच्या स्टार्टर पॅनेलला येणारी घराची केबल वायरमनकडून सोडवून घ्या आणि पॅनेल थेट जनरेटरला जोडा. घराशी संबंधच उरला नाही की तारेत काही जाण्याचा प्रश्न नाही. १ एचपीची सिंगल फेज मोटार चालताना हजारेक वॅट खाते, पण सुरू होताना त्याच्या कितीतरी पट मागते. म्हणून ३ केव्हीएच्या खालचा जनरेटर आणू नका, ५ चा असेल तर उत्तम. मोटार थ्री फेज असेल तर जनरेटरही थ्री फेजच लागणार. कायमची सोय करायची तर मेनजवळ चेंजओव्हर स्विच बसवा, न्यूट्रलसुद्धा (करंटच्या परतीची तार) तोडणारा. त्याचा दांडा एका वेळी एकाच बाजूला पडतो, आठवण ठेवायची गरजच नाही.

जनरेटर उघड्यावर ठेवा, दारं-खिडक्यांपासून वीस फूट तरी लांब, धुराचं तोंड घराच्या उलट दिशेला. पाऊस येतोय म्हणून पडवीत, गोठ्यात, कोंबड्यांच्या खुराड्याला लागून ओढायचा नाही. त्या धुरातल्या विषारी वायूला वास नाही, झोपेतला माणूस उठत नाही. गोठ्यातली जनावरंही मरतात.

तुमच्या इन्व्हर्टरचं एक. जनरेटर चालू असेल तेवढा वेळ इन्व्हर्टरचा प्लग सॉकेटातून काढून थेट जनरेटरला लावा. १५० अँपियर-अवरची बॅटरी तासाला साधारण दहा टक्के भरते. नवी बॅटरी पूर्ण भरल्यावर वापरण्याजोगी हजारेक वॅट-तास देते, म्हणजे दोन तास जनरेटर चालला तर हाती दोनशे येतात. साधा पंखा ७५ वॅट घेतो, ते दोनशे रात्रीच्या जेवणाआधीच संपतील. पंखा बंदच ठेवा. ९ वॅटचे दोन एलईडी आणि फोन, एवढंच ठेवलं तर बहुतेक रात्र निघते.

शिनोळीची

आम्ही हद्दीच्या पलीकडं, महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात. आमची लाईन वेगळी, आमच्याकडं लाईट आहे. बाची, तुरमुरी, उचगावच्या कुणाची गिरण बंद असेल तर दळण घेऊन या. फोन, पॉवर बँक, टॉर्च, काय असेल ते चार्जिंगला आणा, संध्याकाळी घेऊन जा. आमच्या लेकी तुमच्या गावात दिलेल्या आहेत, तुमच्या आमच्यात.

पुण्यातून नंदगडकर

आई-वडील दोघंच नंदगडला आहेत. दोन दिवस फोन लागत नाही. टॉवर पडला की फोनच बंद, काही कळत नाही. शेजाऱ्यांचेही फोन बंद. काय करावं?

येळ्ळूरची आरोग्यसेविका

दादा, टॉवरची बॅटरी काही तास चालते, मग डिझेल पोचेपर्यंत तो बंद. कॉल लागत नसला तरी एसएमएस करून ठेवा, रेंज क्षणभर आली तरी तो पोचतो. त्यात एवढंच लिहा: रोज सकाळी ८ आणि संध्याकाळी ७ ला फोन पाच मिनिटं चालू करा, बाकी वेळ बंद ठेवा. सारखी रेंज शोधण्यात बॅटरी सगळ्यात लवकर संपते. गावात आशाताई असतातच, त्यांच्यापर्यंत मी निरोप पोचवते. मला गल्ली आणि घराची खूण खासगी संदेशात कळवा, इथं उघड लिहू नका.

शहापूरचा मुलगा

माझी आई ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर आहे. आमची लाईट सध्या आहे, पण हे वाचून धास्ती वाटली.

येळ्ळूरची आरोग्यसेविका

५ लिटरचं मशीन तीन-साडेतीनशे वॅट खातं, घरच्या इन्व्हर्टरवर तीनेक तास, त्यावर भरवसा नको. भरलेला सिलिंडर घरात पाहिजेच. १५०० लिटरचा बी टाइप सिलिंडर मिनिटाला २ लिटरनं साडेबारा तास जातो. रेग्युलेटर आणि पाना सोबत ठेवा, आणि तो लावायचा कसा ते आजच उजेडात करून बघा. ऑक्सिजनच्या खोलीत मेणबत्ती, उदबत्ती, काडी काही नको. तक्रार नोंदवताना घरात असा रुग्ण आहे हे आधी सांगा.

जांबोटीची सून

सगळ्यांचे मनापासून आभार. आज टेकावर बसून सगळं वाचलं, आणि लाइनमन काकांचं लिहिणं घरी सगळ्यांना वाचून दाखवलं. दिराच्या डोक्यात तीच दोन प्लगची वायर करायचं होतं. ते आता होणार नाही.

मडक्यांचं जमलं, सासूबाईंनी परसातली वाळू चाळून दिली. खानापूरच्या मंडपवाल्याकडून ५ केव्हीएचा जनरेटर मिळाला. भाडं आणि डिझेल मिळून एका घराला झेपणारं नाही, म्हणून वाड्यातली सहा घरं मिळून घेतला. आमच्या बोअरवर सकाळी तासभर चालवायचा, मग शेजारच्यांच्या. माणसांना प्यायला-स्वयंपाकाला आधी, मग जनावरांना. व्यालेली म्हैस एकटीच साठ-सत्तर लिटर पिते. अंघोळीला ओढ्यावर. टाकी धुऊन घेतली, पिण्याचं पाणी उकळी फुटल्यावरही मिनिटभर उकळतोय.

काका, दोन विचारते. तक्रार कशी करावी म्हणजे काम लवकर होईल? सगळेजण फोन करतात, ‘लाईट नाही’ म्हणतात, पुढं काही होत नाही. आणि लाईट परत येईल तेव्हा काय काळजी घ्यायची? मागं एकदा आमच्या गल्लीत लाईट आल्याबरोबर तीन घरांचे टीव्ही गेले होते.

निवृत्त लाइनमन

‘लाईट नाही’ या तक्रारीनं कार्यालयाला काही कळत नाही, कारण त्या रात्री सगळ्या तालुक्याची लाईट नसते. काम वरून खाली होतं: आधी ११० आणि ३३ केव्हीच्या लाईनी, मग ११ केव्हीचा फिडर (सबस्टेशनातून गावांकडं येणारी लाईन), मग टीसी, मग गल्लीतल्या तारा. फिडर चालू होईपर्यंत तुमच्या गल्लीत माणूस येऊन उपयोग नाही. पण रानातल्या लाईनीला सगळ्यात जास्त वेळ जातो तो चालत जाऊन बिघाड शोधण्यात. तो वेळ तुम्ही वाचवू शकता. १९१२ ला फोन लावा, तक्रार क्रमांक लिहून घ्या. बिलावरचा आर.आर. नंबर, टीसीवर रंगवलेला नंबर, कुठल्या दोन ठिकाणांमधले किती खांब पडले, झाड कुठलं, रस्त्यानं खांबाची गाडी जाईल का, हे सांगा. लांबूनच फोटो काढून लाइनमनला आणि पंचायतीच्या पीडीओंना (विकास अधिकाऱ्यांना) पाठवा. गावातून एकानंच बोलावं, पन्नास जणांनी नको. कन्नड चांगलं येणारा असला तर दोन्ही बाजूंना सोपं जातं.

फोटो काढताना पडलेल्या तारेपासून दहा मीटर लांब राहा. ‘लाईट गेलीय, तार मेलेलीच आहे’ असं कधीही धरू नका. ती कुठल्याही क्षणी चालू होऊ शकते, आणि कुणाच्या तरी जनरेटरनंही. ओल्या जमिनीत तारेभोवती करंट पसरतो. चुकून जवळ गेलात तर पळू नका, पावलं जमिनीवरून न उचलता घासत, छोटी-छोटी टाकत मागं या. मोठ्या ढांगेत दोन पायांमधून झटका बसतो. म्हशी चरायला त्या बाजूला सोडू नका, त्यांचे पुढचे-मागचे पाय लांब असतात, त्या आधी जातात. जनावर गेलंच तर प्रेत हलवायच्या आधी फोटो, तलाठ्यांचा पंचनामा आणि सरकारी पशुवैद्याचं शवविच्छेदन करून घ्या, भरपाई त्यावर ठरते.

आता टीव्ही जळायचं कारण. बहुधा न्यूट्रल तुटलेला असतो किंवा नीट जोडला गेलेला नसतो. मग २३० च्या जागी काही घरांत ४०० पर्यंत व्होल्ट चढतात आणि काही घरांत दिवा मिणमिणतो. म्हणून आत्ताच सगळे प्लग सॉकेटातून काढून ठेवा, नुसता स्विच बंद करून भागत नाही. लाईट आली की आधी एकच साधा पिवळा बल्ब लावा. तो डोळे दिपण्याइतका लख्ख झाला, किंवा मंद होऊन शेजारच्या घरात लख्ख झाला, तर लगेच मेन पाडा आणि लाइनमनला ‘न्यूट्रल बघा’ म्हणून सांगा. दहा-पंधरा मिनिटं सगळं ठीक राहिलं तर एकेक वस्तू लावा, फ्रीज सगळ्यात शेवटी. बोअरची केबल घराला परत जोडण्याआधी जनरेटर तिथून हलवलेला असला पाहिजे.

जांबोटीची सून

काका, सगळं लिहून घेतलं. फोटो आणि टीसीचा नंबर पाठवल्यावर आज फोन आला: उद्या खांब आणि टीसी घेऊन गाडी निघतेय. पण वळणावरचं मोठं नीलगिरीचं झाड अजून रस्त्यात आहे, गाडी त्याच्या अलीकडंच थांबेल. सकाळी ८ वाजता झाड हटवायला माणसं हवीत. चहा-पोहे आमच्याकडं. तारेत अडकलेल्या फांद्यांना कुणी हात लावायचा नाही, एलसी मिळाल्याचं लाइनमन दादा स्वतः सांगतील तेव्हाच. फक्त रस्त्यावरचं खोड बाजूला करायचंय.

बैलूरचा शेतकरी

वहिनी, ट्रॅक्टर घेऊन येतोय. साखळी हाय, करवतवाला बी सांगून ठेवलाय. सातलाच निघतोय.